चावडीपुढची वाट

"खोका! जोरात खोका, नागनाथ!"

नागनाथ खोकला. अरुंद टेबलावर उताणा पडलेला, मांडीतून घातलेली नळी पार काळजापर्यंत पोचलेली, अशा अवस्थेत माणसानं खोकायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण सांगितलेलं काम करायची सवय जुनी होती.

"अजून एकदा. हं, शाबास."

नळीतून औषध सुटलं की छातीपासून खाली कढत पाणी ओतल्यासारखं व्हायचं. पहिल्या वेळी तर त्याला वाटलं, आपल्या हातून अंथरूण ओलं झालं. चाळिशी ओलांडलेला बाप्या आणि उशाशी लेकीच्या वयाची नर्स. तो शरमेनं अर्धा झाला.

"सिस्टर, माफ करा. माज्याकडून जरा…"

"काही झालेलं नाही, बाबा. औषधाची ऊब असते ती. सगळ्यांनाच असं वाटतं."

लाज वाचली म्हणून त्याला बरं वाटलं. जिवाचं काय व्हायचं ते होईल, असं मनाशी म्हणून तो वर बघत राहिला. बाजूच्या पडद्यावर त्याचं स्वतःचं काळीज हलत होतं. डॉक्टरांनी बोट दाखवलं, "ही बघा तुमची रक्तवाहिनी." एक काळी रेघ फांदीसारखी फुटत फुटत खाली आली आणि अर्ध्यातच संपली. पुढं नुसतं धुरकट. मराठवाड्यातून मुंबईपर्यंत येऊन हे एवढंच बघायचं होतं तर, असं त्याच्या मनात आलं. मग डोळे मिटून तो पुढच्या "खोका"ची वाट पाहू लागला.

नागनाथ पिंगळीच्या रेल्वे स्टेशनावर पॉइंटमन होता. रूळ बदलायचे, सिग्नलचे दिवे लावायचे आणि न थांबणाऱ्या गाडीला टोकन द्यायचं. पुढचा रूळ मोकळा आहे याची खूण म्हणून एक गोळा चामड्याच्या पिशवीत घालतात आणि पिशवीला वेताची मोठी कडी असते. ती उंच धरून फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. चालत्या इंजिनातला फायरमन हात घालून ती ओढून घेतो आणि मागच्या स्टेशनाची कडी खाली फेकतो. ती कुठं पडेल याचा काही नेम नाही. कधी फलाटावर पडते, कधी लांब बाभळीत जाऊन अडकते. तिच्यामागं पळायचं कामही पॉइंटमनचंच.

अशाच एका कडीमागं पळताना त्याची छाती पहिल्यांदा आवळली. स्टेशनमास्तर व्यंकटरावांनी सोडा पाजला. परभणीच्या एका डॉक्टरनं गॅस ठरवला. ओवा चावून चावून नागनाथचं तोंड सोलून निघालं, छाती मात्र आवळायची ती आवळतच राहिली. बायको गीताबाई म्हणायची, "तुमी पळू नगा ना जरा." तो म्हणायचा, "मी न्हाई पळलो तर गाडीला काय सांगू?"

मग त्याचा धाकटा भाऊ रंगनाथ रजेवर आला. रंगनाथ इंग्लंडात लहान मुलांचा डॉक्टर होता. बाप गेला तेव्हा तो चड्डीत होता. नागनाथनं शाळा सोडून रेल्वे धरली आणि त्याला शिकवलं. याची चर्चा दोघांत कधी झाली नव्हती, व्हायची गरजही नव्हती. आल्या दिवशी रंगनाथनं भावाच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि एकदम गप्प झाला. त्या गप्प होण्यातूनच ही मुंबईची तपासणी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन वाहिन्या. दोन जवळजवळ बंद, तिसरी अरुंद. पायातली शीर काढून तिथं जोडतात, बंद जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट देतात. आपल्याकडं हे आता कुठं सुरू झालंय. इंग्लंडात मात्र रोजचं काम आहे.

"भाऊ तिकडं आहेत, तर तिकडंच जा. पण जाईपर्यंत सांभाळा. चढ नको, धावपळ नको, उन्हात चालणं नको. छातीत भरलं की जिथं असाल तिथं बसा आणि ही गोळी जिभेखाली धरा. एक मोठा झटका आला आणि हृदय खराब झालं, की मग शस्त्रक्रियेला कुणी हात लावणार नाही. कळलं?"

"कळलं साहेब," नागनाथ म्हणाला.

परतीच्या गाडीत रंगनाथनं त्याला खिडकीशी बसवलं. मनमाडला गाडी बदलून छोट्या लाइनीवर आल्यावर त्यानं विषय काढला.

"दादा, काय ठरवलंस?"

"मी तिकडं येऊन तिकडंच मेलो तर?"

"तर मी तुला वापस आणीन."

"पेटीत घालून?"

"दादा!"

"चिडू नगस. मला मरायचं भ्याव न्हाई रे रंगा. मी थकलोय. सकाळी बूट घालतो आन् वाटतं, दिवस संपूनच गेला असंल." तो खिडकीबाहेर बघत राहिला. एका लहान स्टेशनावरचा पॉइंटमन कडी उंच धरून उभा होता. गाडी थांबणार नव्हती. तो मागं पडेपर्यंत नागनाथनं मान वळवून पाहिलं. "मला एकच वाटतं बग. घरापुढं खाट टाकून बसावं. समोरून गाडी जावी आन् आपल्याला उठायचं काम नसावं. येवढं करून देतील का तुजे डॉक्टर?"

"देतील. त्याहून जास्त देतील."

"जास्त नगं. येतो मी."

रंगनाथनं तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला घेतला. तो रडतोय हे नागनाथला कळलं, पण थोरल्या भावानं अशा वेळी काय करायचं असतं ते त्याला आठवेना. म्हणून त्यानं चहावाल्याला हाक मारली.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस गावी गेला आणि सगळा घोटाळा तिथं सुरू झाला. नागनाथ राहायचा स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या क्वार्टरात, पण त्याचं गाव कोसभर आत होतं. पोलिसानं चावडीवर विचारलं, हा माणूस चालीचा कसा आहे? लोकांनी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, विलायतेला निघालाय. बस्स. कशासाठी निघालाय हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. ज्यांच्या कानावर आजाराचं आलं, त्यांनाही त्यात वाईट काही दिसलं नाही. ज्याच्या काळजाला औषध द्यायला विलायत लागते, तो माणूस लहान कसा असेल?

चार दिवसांनी सरपंच आबासाहेब स्वतः क्वार्टरावर आले. गीताबाईनं खुर्ची पुसून दिली.

"नागनाथराव," आबासाहेब म्हणाले. आजवर ते नुसतं नागनाथ म्हणायचे, आणि त्यांचे वडील तर नाग्या. "गावानं ठरवलंय. तुमा दोघा भावांचा सत्कार करायचा. आपल्या गावचा माणूस विमानात बसायलाय, म्हंजे काय खाऊ हाय का?"

"आबासाहेब, दादाला त्रास सोसणार नाही," रंगनाथ म्हणाला. "डॉक्टरांनी चालायला मनाई केली आहे."

"आवं, चालायचं कुणाला? बैलगाडी सजवतो. वेशीतनं आत, सरळ चावडीपुढं. गाडीतनं उतरायचं आन् खुर्चीत बसायचं. वाजंत्री सांगितलीबी."

चावडी म्हटल्यावर नागनाथची नजर आपोआप स्वतःच्या पायांकडं गेली. त्याचा बाप किशन गावचा येसकर होता. वेशीपाशी पहारा द्यायचा, सरकारी सांगावे पोचवायचे. वेशीतून आत शिरला की बाप वहाणा काढून हातात घ्यायचा आणि चावडी ओलांडून पार पलीकडं गेल्यावर घालायचा. निजामाचं राज्य गेलं, कायदा आला, बौद्धवाड्यात पंचशील सुरू झालं. कुणी कुणाला अडवायचं बंद झालं. पण बापाच्या वहाणा मरेपर्यंत हातातच राहिल्या. नागनाथनं तसं कधी केलं नाही. त्यानं सोपा मार्ग काढला. तो त्या वाटेनं गेलाच नाही. बौद्धवाड्यात जायचं तर गावाबाहेरून वळसा घालून जायचा. आजही.

"बरं," नागनाथ म्हणाला.

आबासाहेब गेल्यावर रंगनाथ भडकला. "नको म्हणायला काय झालं होतं तुला?"

"नको म्हणायलाबी ताकद लागती रे."

गीताबाई मात्र खूश होती. तिनं ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं आणि नवऱ्याचे रेल्वेचे काळे बूट दारात बसून घासले. तिच्या सासूला, सरजाबाईला, त्या चावडीपुढून कधी मान वर करून जाता आलं नव्हतं. आता सून वाजंत्रीमागून जाणार होती. तिनं खूश का होऊ नये? आणि बैलगाडीत बसून कुणाचं काळीज बिघडल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तो दिवस शिमग्याच्या आधीचा. ऊन तापायला लागलं होतं. रंगनाथला लोक आधीच चावडीवर घेऊन गेले, पाहुणा म्हणून मांडवात बसवायला. नागनाथ झुलीच्या बैलांमागं गाडीत बसला. गाडी हाकायला मेंढरंवाला ग्यानबा होता, नागनाथच्या लहानपणचा सोबती. मागून बौद्धवाड्यातल्या बाया, त्यांच्यात गीताबाई. पुढं वाजंत्री. वेस आली.

"ग्यानबा, थांबव."

"काय झालं? दुखायलंय का?"

"न्हाई. उतरायचंय."

"येड लागलं का? आबासायबानं मला बजावून सांगितलंय, चावडीपतोर चाक थांबवायचं न्हाई म्हणून."

"ग्यानबा," नागनाथ म्हणाला, "माजा बाप इथं काय करायचा, तुला ठावं हाय ना?"

ग्यानबानं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या बुटांकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं. त्यानं कासरा ओढला आणि खाली उतरून हात दिला.

वेशीपासून चावडी हाकेच्या अंतरावर. नागनाथ चालू लागला तसे लोक खूश झाले. पायी आला, माणूस साधा आहे, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. दोन्ही बाजूंनी माणसं, ओट्यांवर बाया. कुणी रामराम घातला, कुणी जयभीम. तो दोन्ही हात जोडून चालत होता. बुटांचा आवाज त्याला वाजंत्रीतही ऐकू येत होता, आणि खरं सांगायचं तर तो दुसरं काही ऐकतच नव्हता.

मध्यावर छाती आवळली. गोळी सदऱ्याच्या खिशात होती. खिशात हात घालायचा तर जोडलेले हात सोडावे लागणार. समोर आबासाहेबांच्या वयोवृद्ध चुलत्यांनी हात जोडले होते. याच म्हाताऱ्यापुढं बाप वहाणा छातीशी धरून उभा राहायचा. नागनाथनं हात सोडले नाहीत. थांबावं तर लोक धरतील, उचलतील, पुन्हा गाडीत घालतील. इथवर येऊन तेवढं नको होतं. गीताबाई मागं बायांत अडकली होती. तिला फक्त त्याचा फेटा दिसत होता, आणि तो ताठ होता.

तो पोचला. पायऱ्या चढला. खुर्चीत बसला. आबासाहेबांनी भाषण सुरू केलं, "कैलासवासी किशनराव यांचे दोन सुपुत्र…" नागनाथला क्षणभर कळेचना, हे किशनराव कोण? बापाला जिवंतपणी हे नाव कधी मिळालं नव्हतं. गळ्यात हार पडत होते. एकावर एक, नाकापर्यंत आले. झेंडूच्या वासानं त्याला मळमळलं. डावा हात बधिर झाला. रंगनाथला भावाचे निळे पडलेले ओठ दिसले आणि तो खुर्ची पाडून उठला. हार तोडून काढेपर्यंत नागनाथच्या अंगाला पाणी सुटलं होतं. वाजंत्रीवाल्यांना कुणी थांबा म्हटलंच नाही, ते बराच वेळ वाजवत होते.

परभणीच्या दवाखान्यात तो वाचला. वाचला म्हणजे मेला नाही, एवढंच. रंगनाथनं छातीच्या आलेखाची पट्टी पुन्हा पुन्हा पाहिली, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा रागानं काळा पडला होता.

"संपलं, दादा. आता विमानात बसवत नाहीत, टेबलावर घेत नाहीत. कुणीच घेणार नाही. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. तुला कळलं होतं!"

"व्हय, कळलं होतं."

"मग? त्या एवढ्याशा वाटेसाठी? अरे, पत्र पाठवून मी तिकडं खोली लावून ठेवली होती तुझी. खिडकीतून रूळ दिसतात म्हणून मुद्दाम ती घेतली होती!"

नागनाथला याचं वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. त्यानं हात पुढं केला. रंगनाथनं तो धरला.

गावात मात्र गोष्ट वेगळी पसरली. आबासाहेब भेटायला आले तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आनंद सोसला न्हाई हो. माणूस लय हळवा. हार पडले आन् काळीज भरून आलं." नागनाथनं मान हलवली. खोडून काढायचं त्याच्या मनात आलं नाही. त्यासाठी बापाच्या वहाणांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि आबासाहेब लहान असताना ते त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं, हेही विचारावं लागलं असतं. एवढी ताकद आता कुठून आणायची?

रजा संपली तसा रंगनाथ निघाला. सकाळच्या पॅसेंजरनं परभणी, तिथून मुंबई. क्वार्टरापुढं लिंबाखाली नागनाथची खाट टाकली होती. रंगनाथ पाया पडला आणि फलाटाकडं चालू लागला. पुन्हा यायला त्याला निदान दोन वर्षं लागणार होती. ती दोन वर्षं भावाकडं नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

गीताबाई दारात बसली होती. खाटेखालचे बूट तिनं पुढ्यात ओढले. त्या दिवसापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता, चावडीच्या वाटेची धूळ वर तशीच होती. तिनं एक बूट मांडीवर घेतला आणि फडक्यानं घासायला लागली. घासता घासता तिचा बांध फुटला.

"मला येक सांगा. उतरायचं काय नडलं होतं? गाडी व्हती, बैल व्हते. तुमच्या बापाच्या वहाणांपायी तुमी माजं कपाळ पांढरं करायलाव. बाप तर कवाचा गेला. त्याला काय दिसायलंय का?"

"त्याला न्हाई."

"मग कुणाला दाखवायचं व्हतं?"

नागनाथनं फलाटाकडं पाहिलं. समोर पॅसेंजर उभी होती. त्याच्या जागी आलेला नवा पॉइंटमन कडी घेऊन इंजिनाकडं चालला होता.

"दाखवायचं कुणाला न्हाई, गीता. मलाच बगायचं होतं. पायात बूट असताना ती वाट कशी लागती ते."

गीताबाईनं पदरानं नाक पुसलं. तिचा राग गेला नव्हता, तो जाणारही नव्हता. पण विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"कशी लागली मग?"

"चढ हाय जरासा," नागनाथ म्हणाला. "आजवर कदी ध्यानात आलं नव्हतं."

शिट्टी झाली. गाडी हलली. डब्याच्या दारात रंगनाथ उभा होता, त्यानं हात वर केला. गाडी समोरून जात होती आणि नागनाथला उठायचं काम नव्हतं. तो खाटेवरूनच बघत राहिला.

गीताबाईनं घासलेला बूट खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

"तो राहू दे," नागनाथ म्हणाला.

ती थांबली. मग तिनं दुसरा बूट, होता तसा, धुळीसकट, पहिल्याशेजारी ठेवून दिला.